लाकूडकामाच्या वर्क ऑर्डरमध्ये प्रमाणपत्राची अट घालण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय समिती सदस्य

महोदय,

आपल्या सोसायटीच्या इमारतीच्या नूतनीकरणातील लाकूडकामाची कोटेशन्स सूचनाफलकावर लावलीत, याबद्दल आभार. एरवी असे कागद सभेआधी सभासदांच्या नजरेस पडत नाहीत. तिन्ही कोटेशन्स बारकाईने वाचली. कामाला आपण ‘हरित नूतनीकरण’ म्हटले आहे, त्यामुळे तिन्ही ठेकेदारांनी आपापल्या परीने हिरवा रंग फासला आहे. एकाचे ‘इको-फ्रेंडली लाकूड’, दुसऱ्याचे ‘शाश्वत स्रोतातील सागवान’. तिसऱ्याने निदान एफएससी (लाकूड जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातले असल्याचे प्रमाणित करणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था) प्रमाणपत्राची झेरॉक्स तरी जोडली आहे. पण ती पाहून समितीने निर्धास्त होऊ नये, म्हणून हे पत्र.

त्या झेरॉक्सवर नाव प्लायवूड बनवणाऱ्या कारखान्याचे आहे. ठेकेदाराचे नाही, त्याला माल देणाऱ्या वखारीचेही नाही. म्हणजे त्या कारखान्याकडे प्रमाणपत्र आहे एवढेच त्यावरून कळते. आपल्या दारांना लागणारा प्लाय तिथलाच असेल, आणि तिथला असला तरी प्रमाणित मालातलाच असेल, असे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. एकाच कारखान्यात प्रमाणित आणि साधा, दोन्ही प्रकारचा माल तयार होऊ शकतो.

ही व्यवस्था चालते ती अशी. एफएससी ही संस्था १९९३ मध्ये आणि पीईएफसी १९९९ मध्ये स्थापन झाली. जंगल आणि लाकूड प्रमाणित करण्याच्या जगभरात प्रामुख्याने याच दोन पद्धती चालतात. जंगलाची तपासणी वेगळी होते: तोड किती, पुन्हा लागवड किंवा वाढ कशी, पाण्याचे आणि वन्यजीवांचे काय, तिथे राहणाऱ्या लोकांचे आणि मजुरांचे हक्क सांभाळले जातात की नाही. त्यानंतर आरागिरणी, कारखाना, घाऊक व्यापारी अशा ज्या ज्या हातांतून लाकडाची मालकी जाते, त्या प्रत्येकाकडे ‘चेन ऑफ कस्टडी’चे, म्हणजे माल हातोहात जाण्याच्या साखळीचे, स्वतःचे प्रमाणपत्र असावे लागते. मधला एक जरी विनाप्रमाणपत्र निघाला तरी साखळी तिथेच तुटते. मग जंगल कितीही नमुनेदार असो, पुढे त्या लाकडाला कागदोपत्री प्रमाणित म्हणता येत नाही.

म्हणून बघायचे ते बिल. विकणाऱ्याचा प्रमाणपत्र क्रमांक बिलावर हवा आणि ज्या ज्या मालासाठी दावा आहे, त्या प्रत्येक ओळीसमोर तो दावा लिहिलेला हवा: ‘एफएससी १००%’, ‘एफएससी मिक्स’ किंवा ‘एफएससी रिसायकल्ड’. पहिल्यात सगळे लाकूड प्रमाणित जंगलातले, तिसऱ्यात सगळा पुनर्वापराचा माल. मिक्समध्ये प्रमाणित लाकडाबरोबर ‘कंट्रोल्ड वूड’ही चालते, म्हणजे बेकायदा तोडीसारखे धोके टाळण्यापुरती छाननी झालेले लाकूड. प्लायवूडमध्ये बहुधा मिक्सच मिळेल आणि माझ्या मते तेवढे आपल्याला पुरेसे आहे. मात्र बिलावर नुसते ‘एफएससी कंट्रोल्ड वूड’ आले, तर तो माल प्रमाणित धरता येत नाही. इथेच फसगत होते, कारण नावात एफएससी असतेच.

क्रमांक खरा आहे की नाही हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. एफएससीच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक यादीत तो टाकला की प्रमाणपत्र कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की निलंबित, आणि कोणत्या मालापुरते आहे, हे लगेच दिसते. शेवटची बाब आवर्जून बघावी. कागदासाठी घेतलेले प्रमाणपत्र दाराच्या फळीला उपयोगाचे नाही. शिवाय प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि झेरॉक्सवरची तारीख इतकी पुसट आहे की ती वाचताच येत नाही. (योगायोगच म्हणायचा.)

ही सगळी उठाठेव कशासाठी, असा प्रश्न सभेत येणारच. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा वाटा कार्बनचा असतो. घनमीटरला ५०० किलो भरणारे लाकूड घेतले, तर त्याच्या एका घनमीटरात सुमारे २५० किलो कार्बन अडकून राहतो; हवेतल्या ऑक्सिजनसह मोजला तर तो सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. लाकूड वापरणे हरित मानतात ते यासाठी. पण ज्या जंगलातून ते आले तिथे पुन्हा झाडे उभीच राहिली नाहीत, तर हा हिशेब उलटतो आणि आपण फक्त तोडीला गिऱ्हाईक मिळवून दिलेले असते.

प्रमाणपत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही मान्य. ग्रीनपीस इंटरनॅशनल एफएससीच्या स्थापनेपासूनची सदस्य होती, तीच २०१८ मध्ये बाहेर पडली. सगळीकडे अंमलबजावणी सारखी होत नाही, हा तिचा आक्षेप होता. तो मला बिनबुडाचा वाटत नाही. तरीही ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनापेक्षा पडताळता येणारा क्रमांक मी केव्हाही पत्करेन.

आणखी एक गोष्ट, खरे तर आधी करायची. तिन्ही कोटेशन्समध्ये जिन्याकडच्या सर्व चौकटी काढून नव्या बसवायच्या आहेत. मी आमच्या मजल्यावरच्या चौकटी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिल्या. फरशी धुताना पाणी मुरते तिथे, तळाला वीतभर लाकूड भुसभुशीत झाले आहे. टोक सहज आत जाते. त्याच्या वर मात्र ते रुतत नाही, नुसता रंगाचा पोपडा उडतो. एवढ्यासाठी अख्खी चौकट उखडायची गरज नाही. खराब भाग कापून, सांधा देऊन नवा तुकडा जोडणे हे कसबी सुताराचे नेहमीचे काम आहे. फक्त तळाशी पाणी साचू न देण्याची सोय आधी करावी, नाहीतर नवे लाकूडही त्याच वाटेने जाईल. जुने लाकूड जागेवर टिकले तर त्याच्यासाठी कुठलेच प्रमाणपत्र लागत नाही.

तेव्हा विनंती अशी की, आधी सुताराकडून प्रत्येक चौकट तपासून दुरुस्तीची आणि बदलायची अशा दोन याद्या कराव्यात. जे नवे घ्यायचे, त्यासाठी वर्क ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहावे: माल प्रमाणित विक्रेत्याकडून थेट सोसायटीच्या नावे यावा, बिलावर प्रमाणपत्र क्रमांक व प्रत्येक मालासमोर दावा असावा, आणि माल उतरवताना समितीच्या एका सदस्याने बिल व प्लायवरील शिक्का ताडून पाहावा. बिल सोसायटीच्या नावे मागण्याचे कारण एवढेच की मग मधल्या ठेकेदाराच्या प्रमाणपत्राचा प्रश्न उरत नाही. त्याने मजुरीचे बिल वेगळे द्यावे. पुढेमागे इमारतीसाठी हरित मानांकन घ्यायचे ठरले, तर हीच बिले पुरावा म्हणून कामी येतील.

क्रमांक पडताळण्याचे काम मी करून देईन. तोपर्यंत कोणत्याही ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नये.

आपला विश्वासू,
दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद