रेकॉर्डवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार. तुमचं खरं नाव तुम्ही कधी कुठे लिहिलं नाहीत, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

2007-08 च्या सुमारास मी पुण्यात शिकत होते आणि शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांच्या गाण्याने वेड लावलं होतं. बाईंची भैरवी 1977 मधे व्हॉयेजर यानातून थेट अंतराळात गेली, पण आमच्याइथल्या दुकानात एक-दोन सीडींच्या पुढे काही मिळेना. मग जुन्या प्लेटा, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्ड, कॉम्प्युटरवर उतरवून तुम्ही नेटवर टाकलेल्या फाइली सापडल्या. तेव्हा बीएसएनएलच्या प्लॅनमधे रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड फ्री असायचं, गजर लावून उठायचं, रॅपिडशेअर या फाइली ठेवायच्या साइटवरचा काउंटर शून्यावर येईपर्यंत बसायचं, आधी पार्ट 1 मग पार्ट 2, आणि मधेच लाइट गेली की परत पहिल्यापासून.

पण काका, नुसत्या गाण्यांसाठी थँक्यू नाहीये हे. प्रत्येक फोल्डरमधे तुमची एक टेक्स्ट फाइल असायची, लेबलचा स्कॅन, प्लेटचा नंबर, आणि स्पीड! भोंग्यासमोर गाऊन केलेल्या जुन्या प्लेटा सगळ्याच काही मिनिटाला बरोब्बर 78 फेऱ्यांच्या नसायच्या, स्पीड चुकला की पट्टी चढते आणि लयही पळायला लागते, हे मला तुमच्यामुळे कळलं. तुम्ही पेटीवर सूर ताडून बघायचात आणि खाली लिहायचात, "माझा अंदाज आहे, पटला नाही तर बदलून घ्या." एलपीची सुई 78 ला चालत नाही, जाड लागते, तीही पदरच्या पैशाने आणायचात. आणि खरखर मुद्दाम थोडी ठेवायचात, कारण ती पूर्ण काढायला गेलं की तंबोरे जातात आणि बाईंच्या 'आ'काराची धार पण जाते. हल्ली ऑनलाइन त्याच प्लेटा इतक्या घासूनपुसून टाकतात की बाई डब्यात बसून गातायत असं वाटतं. मला अजूनही तुमचीच फाइल लागते.

2015 ला रॅपिडशेअर बंद झालं, तुमच्या लिंका तर त्याआधीच गेल्या होत्या. पण माझ्याकडे सगळं आहे, टेक्स्ट फाइलींसकट, दोन हार्ड डिस्कवर, एकाही फाइलचं नाव बदललेलं नाही. तुमच्याकडचं काही उडालं असेल तर हक्काने मागा.

आणि हो, तुमच्या यादीत "कोणाकडे असेल तर कळवा" म्हणून एक प्लेट होती ना, ती मला जुन्या बाजारात मिळालीय, कडेचा टवका उडालाय पण वाजते. ती कॉम्प्युटरवर तुम्हीच उतरवावी असं फार वाटतं, सांगाल तिथे स्वतः घेऊन येते.