ब्यूरोवाल्यांचं 'ट्रेन्ड बाई देतो' म्हणजे नक्की काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

21 सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन झाला, त्यानिमित्त आपल्या पेपरात आलेला लेख वाचला. लक्षणं कशी ओळखावी, शब्दकोडी सोडवा, चालायला जा वगैरे. चांगला होता, पण ज्यांच्या घरी हा आजार येऊन बसलाय त्यांचं काय, आणि मुख्य म्हणजे पेशंटजवळ दिवसभर जी बाई असते तिला हे सगळं कोण सांगणार, यावर एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा.

माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या, चार वर्षं झाली डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. मी आणि मिस्टर दोघं नोकरीवाले, डोंबिवलीहून सकाळची लोकल, त्यामुळे घरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोशिवाय पर्याय नाही. आजवर नऊ बायका येऊन गेल्या. मी कुणाला नावं ठेवत नाहीये, बारा तासांची ड्यूटी, त्यात ब्यूरोचं कमिशन कापून हातात काय पडतं ते मला माहितीये. पण ब्यूरोवाला फोनवर "ट्रेन्ड बाई देतो मॅडम" म्हणतो तेव्हा ट्रेन्ड म्हणजे काय तर डायपर बदलता येतो, बीपी-शुगर बघता येते, अंग पुसता येतं. आमच्या आई अंथरुणाला खिळलेल्या नाहीत हो, टुणटुणीत चालतात, तीच तर पंचाईत आहे!

दिवेलागणीला त्यांचं सुरू होतं, मला घरी जायचंय, गुरं आली असतील. घर म्हणजे गुहागरकडचं माहेर, ते पडूनच तीसेक वर्षं झाली. पहिली मावशी त्यांना रोज समजवायची, अहो आजी हेच तुमचं घर, तुमचे आईवडील कधीच वारले. म्हणजे बघा, त्यांना रोज संध्याकाळी आईवडील गेल्याचं नव्याने कळायचं आणि त्या रोज नव्याने रडायच्या. मग दार बडवणं, मग मावशीचं कुलूप, मग मला ऑफिसात फोन, वहिनी झोपेची गोळी देऊ का.

आत्ता ज्या ताई आहेत त्या सातवी शिकलेल्या. पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "हो, जाऊ की आजी, तुमची चप्पल शोधते, तोवर चहा टाकते, गायीचं नाव काय हो तुमच्या?" चप्पल शोधेपर्यंत चहा झाला, चहाबरोबर गाय, मग तिचं वासरू, मग वाड्यातला फणस, साडेसात वाजले आणि घरी जायचं राहूनच गेलं. मी विचारलं कुठे शिकलात हे, तर म्हणाल्या कुठे नाही, आधीच्या घरच्या आजोबांशी सहा महिने भांडून भांडून दमले तेव्हा सुचलं. म्हणजे त्या आजोबांचे सहा महिने भांडणात गेले आणि त्याचा फायदा आम्हाला झाला. हे काय ट्रेनिंग झालं?

अशा कितीतरी गोष्टी असतात. आई बाथरूमच्या दारात अडून बसायच्या, हात धरून ओढलं की मारायच्या, एका मावशीच्या हाताला तर चावल्या. आम्ही म्हणायचो आंघोळीचा कंटाळा. शेवटी मिस्टरांच्या लक्षात आलं, दाराशी काळं पायपुसणं होतं, या आजारात डोळे चांगले असले तरी खोल-उथळ नीट कळत नाही, त्यांना तो खड्डा वाटत होता. पायपुसणं उचललं, आई आत गेल्या. तसंच पांढऱ्या प्लेटमधला दहीभात, समोर ठेवलेला असून "मला वाढलंच नाही" म्हणायच्या, हिरव्या प्लेटमध्ये दिला तर संपवला. साधं असतं, पण कुणीतरी सांगावं लागतं ना.

आणि एक गोष्ट तर जिवावर बेतली असती. मागच्या पावसाळ्यात दोन दिवसांत आई एकदम बिघडल्या, मला ओळखेनात, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. मावशी म्हणाली आजार वाढला, मलाही तेच वाटलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली, इन्फेक्शन निघालं. डिमेन्शिया हळूहळू वाढतो, एक-दोन दिवसांत माणूस बदलला तर इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, कुठे दुखणं, नवीन औषध असं काहीतरी शोधायचं असतं, हे दिवसभर शेजारी बसणाऱ्या बाईला माहीत नसेल तर कुणाला माहीत असून काय उपयोग.

आपल्या देशात साठीच्या वरच्यांमध्ये 7.4 टक्के, म्हणजे साधारण 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्यांना सांभाळतंय कोण? सुना, लेकी, म्हातारे नवरे-बायको आणि ब्यूरोच्या मावश्या. या आजारावर काम करणारी एआरडीएसआय ही संस्था केरळात 1992 साली सुरू झाली, तिथल्या सरकारने तिला सोबत घेऊन डिमेन्शियासाठी राज्याची वेगळी योजनाही काढली. जागतिक आरोग्य संघटनेचा आयसपोर्ट नावाचा फुकट ऑनलाइन कोर्स आहे, पण तो घरच्यांसाठी, आणि बारा तास ड्यूटी करून कर्जतला परत जाणारी बाई रात्री मोबाईलवर कोर्स करेल असं ज्याला वाटतं त्याने एकदा संध्याकाळची कर्जत लोकल पकडून दाखवावी.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन सर्टिफिकेट, दहावी पासची अट, इंग्रजी फॉर्म हे काढू नका. ज्या बायका हे काम आधीच करतायत त्यांनाच शिकवा, मराठीत, पुस्तक न वाचता, एकीने आजी व्हायचं एकीने मावशी असं करून. आणि त्या दिवसाची ड्यूटी बुडाली तर पैसे त्यांना मिळाले पाहिजेत, ब्यूरोने द्यावे, महापालिकेने द्यावे, अर्धे आम्ही देऊ. घरच्यांनाही त्याच वर्गात बसवा, कारण सगळ्यात जास्त वाद घालणारे आम्हीच असतो. आमचे मिस्टर अजूनही आईंना विचारतात, "आई, ओळखलंस का, मी कोण?" परीक्षा घेतल्यासारखं.

कुणी संस्था किंवा डॉक्टर असा वर्ग घ्यायला तयार असतील तर आमच्या सोसायटीचा हॉल रविवारी दुपारी रिकामाच असतो. सेक्रेटरींना विचारून ठेवलंय, पंखे चालू आहेत, चहा माझ्याकडून.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)