कापड आधी धू, नंदू

इंदूर,
९ जुलै

प्रिय नंदू,

तुझ्या पत्राला दोन महिने उत्तर नाही. रोज उद्यावर टाकत गेले, आणि इतके दिवस झाले की मग लिहायचीच लाज वाटायला लागली. आज मात्र सगळं बाजूला ठेवून बसलेय. परवा कुंदाताईंबरोबर तू पाठवलेला मॅटीचा, म्हणजे भरतकामाच्या त्या चौकोनी घरांच्या कापडाचा, तुकडा आणि चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच्या शेवटी लिहिलंस, "रविवारी मुहूर्त करते, धुण्याबिण्यात घालवायला आता वेळ नाही." नंदू, रविवारी टाका घालू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आमच्याकडे सगळं ठीक. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर ताब्यात आहे.

आपण दोघींनी भरलेलं राधाकृष्णाचं चित्र मी गेल्या आठवड्यात फ्रेममधून काढलं. भिंतीला ओल आली होती आणि काचेच्या आत खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग धरला होता. साध्या पातळ साबणानं, कोमट पाण्यात, अगदी हलक्या हातानं धुतलं. वाळल्यावर जे हातात आलं ते तुलाच सांगता येईल, निम्मे टाके तुझे आहेत. टाके दाट होते तिथलं कापड आकसू शकलं नाही, मोकळं होतं तिथलं आकसलं. कृष्णाच्या भोवती सगळीकडून चुण्या पडल्यात, इस्त्रीनं बसतात आणि तासाभरात परत उठतात. राधेच्या ओढणीचा लाल सुटून खालच्या पांढऱ्यावर गुलाबी पसरलाय.

१९९४ साली वाड्याच्या ओट्यावर तू म्हणाली होतीस, आधी धुऊन घेऊ. मी म्हटलं, खळ गेली तर टाका सरळ बसणार नाही. दोन दिवस आपण बोललो नाही, आणि शेवटी आक्कानं माझ्या बाजूनं कौल दिला. तू बरोबर होतीस. हे मला तुला लिहून द्यायचं होतं. आणि आता तूच माझी तेव्हाची बाजू घेऊन बसलीस, तेही छकुलीच्या रुखवतासाठी!

तर तुझ्या तुकड्याचं ऐक. दुकानदारानं चौदा काउंट, म्हणजे इंचाला चौदा घरं, सांगून दिलंय. पट्टी लावून एक इंच मोजला तर चौदाच वाटतात, पण एका इंचात अर्ध्या घराचा फरक डोळ्याला कळत नाही. मोजायचे ते चार इंच. एक टाचणी इथे, दुसरी चार इंचांवर, आणि मधली घरं सुईच्या टोकानं एकेक करत मोजायची. तुकड्याला एका बाजूनं काठ होता म्हणून दिशा कळली. पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, दिशेनं ५६ घरं भरली, म्हणजे बरोबर चौदा. काठाला समांतर, लांबीच्या दिशेनं, भरली ५४. म्हणजे साडेतेरा. तीनदा मोजलं, ५४च.

मग तुकडा तासभर कोमट पाण्यात ठेवला. दहा मिनिटांत पाणी दुधाळ झालं आणि बोटांना बुळबुळीत लागायला लागलं, ती सगळी खळ. सावलीत वाळवून, इस्त्री करून परत मोजला. पन्ह्यात ५६, लांबीतही ५६! विणताना ताण्याचे, म्हणजे लांबीतले, धागे मागावर ताणून धरलेले असतात आणि वर खळ देऊन ते तसेच ताठ ठेवतात. पाणी लागलं की खळ सुटते, धागे सैल होतात, आणि कापड आकसतं ते मुख्यतः लांबीत. तुझं कापड वाईट नाही. धुतल्यावरच ते खरं चौदा होतं, एवढंच.

आता तू भरणार आहेस तो मोर. १४० टाके रुंद, १९६ उंच. धुतलेल्या कापडावर १० इंच बाय १४ इंच येईल. न धुता केलास तर लांबीच्या दिशेला आलेली बाजू, समज १४०ची, भागिले साडेतेरा म्हणजे जवळजवळ १०.४ इंच भरेल. पहिल्या धुण्यात कापड दहावर यायला बघणार आणि टाके येऊ देणार नाहीत. सेंटिमीटरला थोडं कमी इतकं ते कापड मग पिसाऱ्यात चुण्या होऊन बसेल. आणि धुवावं लागणार नाही असं म्हणूच नकोस. रुखवत बघायला दहा बायका येतात, त्यातल्या चौघींच्या हाताला हळद असते.

चौकोन नसलेल्या घरांचा आणखी एक त्रास म्हणजे गोल गोल राहत नाहीत. मोराच्या पिसातले डोळे अंड्यासारखे दिसतील, आणि टाके बरोबर घातलेत तरी चुकलंय काय ते सापडणार नाही.

तू अर्धा मीटर घेतलंस, म्हणजे पावणेवीस इंच. चित्राच्या चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडले की १६ बाय २० लागतं, म्हणून २०ची बाजू पन्ह्यात घे, १६ची लांबीत. पावणेवीसचं धुऊन साधारण एकोणीस राहील, कडेचं अर्धा इंच उसवलं तरी पुरून उरेल. तीन इंचांत कंजूषी करू नकोस. भरतकामाच्या रिंगमध्ये धरायला आणि फ्रेमवाल्याला मागे वळवून ताणायला ते लागतातच. पन्ह्यात जागा आहे, तेव्हा वीसच्या वर थोडं जास्तीचं धरून २३ इंच काप.

कापताना दुकानदाराच्या कात्रीच्या रेषेवर जाऊ नकोस. दहा रुपये कमी करायला लावलेस म्हणालीस, त्याचा राग त्यानं कात्रीवर काढलेला दिसतोय, तुझ्या तुकड्याची एक बाजू पाव इंच तिरकी आहे. मॅटीवर भोकांची ओळ सरळ दिसते, तिच्यातूनच कात्री चालव. काठ काढून टाक. तो जास्त घट्ट विणलेला असतो, उरलेल्या कापडाबरोबर आकसत नाही आणि कडेला ओढ लावतो. पण काढायच्या आधी त्याला समांतर एक हिरवा धावदोरा घाल, नाहीतर लांबी कुठली आणि पन्हा कुठला ते नंतर कळणार नाही.

कडा बंद केल्याशिवाय पाण्यात घालू नकोस. मॅटीचे धागे मोकळे असतात, एका भिजवण्यात बोटभर झिरमिळ्या होतात. पिकोवाल्याकडून इंटरलॉक करून घे, किंवा घरच्या मशीनवर झिगझॅग मार. मशीन नसेल तर हातानं कडेवरून गुंडाळत टाका, पाव-पाव इंचावर, फार न ओढता. चिकटपट्टीनं भागवू नकोस. पावसाळ्यात तिचा गोंद पाझरतो, त्यावर धूळ बसते आणि कापडाला तपकिरी पट्टा राहतो.

धुणं सोपं आहे, पण पाणी बघ. इथे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, मी त्याच दिवशी धुते. बोरिंगच्या पाण्यात क्षार असतात, साबण नीट सुटत नाही आणि वाळल्यावर कापड खरखरीत लागतं. तुझ्याकडे नळाला आजवा तलावाचं किंवा मही नदीचं येत असेल तर उत्तम. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र बिलकुल घेऊ नकोस, त्यात क्षार आणखी जास्त. अर्धी बादली कोमट पाणी, अर्धा चमचा पातळ साबण, तासभर भिजू दे. चोळायचं नाही, हातानं नुसतं दाबायचं. मग बुळबुळ जाईपर्यंत पाणी बदल, तीन-चार बादल्या लागतात. नीळ नको, ब्लीच नको. नीळ एकसारखी बसत नाही आणि पांढऱ्या मॅटीवर ढग दिसतात.

पिळू नकोस. टॉवेलमध्ये गुंडाळ, वरून दाब आणि उलगडून चादरीवर सपाट पसर. दोरीवर टाकलंस तर दोरीची घडी पडते आणि ओलं कापड स्वतःच्या वजनानं तिरकं ओढलं जातं.

थोडं दमट असतानाच इस्त्री कर, उलट्या बाजूनं, सुती कापडाच्या आचेवर. इस्त्री सरकवायची नाही, उचलून ठेवायची, परत उचलून ठेवायची. सरकवली की घरं तिरपी होतात, आणि तिरपं घर टाक्यानं सरळ होत नाही. मधली घडी नीट बघ. तागा दुकानात महिनोन्‌महिने दुमडून पडलेला असतो, घडीच्या कडेवर धूळ बसून पिवळी रेघ होते. ती आत्ता गेली तर गेली. मोराच्या मानेखाली राहिली तर टाक्यांमधून डोकावेल आणि टाक्यांवरून जोरात इस्त्री फिरवता येणार नाही. एका धुण्यानं नाही गेली तर रात्रभर गार पाण्यात ठेव, सकाळी वर ओला रुमाल टाकून वाफेची इस्त्री दे. तरीही राहिली तर तो भाग चित्राच्या बाहेर जाईल असं माप सरकव. तुझ्याकडे पन्ह्यात जागा आहे.

आणि इस्त्री झाली म्हणून लगेच गुंडाळून कपाटात टाकू नकोस. जुलै आहे. हाताला कोरडं लागलं तरी आत दमटपणा असतो. पंख्याखाली एक रात्र पसरून ठेव, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते कशानंही जात नाहीत. कुंदाताईंच्या दिवाणात काय झालं ते आठवतंय ना?

खळीचं म्हणशील तर माझं तेव्हाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, एवढं मला म्हणू दे. कडक कापडावर रिंग न लावताही हातात धरून टाका घालता येतो. पण त्यासाठी गिरणीची खळ ठेवायची गरज नाही. धुऊन झाल्यावर मऊ वाटलं तर भाताची पातळ पेज गाळून, त्यात दुप्पट पाणी घालून, एकदा बुडवून काढ आणि मग इस्त्री दे. काम झालं की ती धुऊन टाकायचीच. पेजेवर कसर येते.

रंगाचंही आत्ताच बघून घे. मोराचे निळे-हिरवे आणि चौकटीचा लाल, गडद तेवढे सगळे. प्रत्येकाचा वीतभर दोरा ओला कर, पांढऱ्या धुतलेल्या चिंधीत ठेव आणि वरून गरम इस्त्री दाब. चिंधीवर रेघ उमटली तर ती लडी गार पाण्याखाली धर, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि वाळवून परत तपास. दुसऱ्यांदाही उमटली तर दोरा बदल. मीठ-व्हिनेगरनं रंग पक्का होतो असं आत्या म्हणायच्या. सुती दोऱ्याच्या बाबतीत तो भरवसा धरू नकोस. राधेची ओढणी आत्यांच्या मिठातूनच गेली होती.

मग मध्य. कापड दोनदा दुमडून कोपरा नुसता चिमटीत धर, तिथे इस्त्रीची घडी पाडू नकोस. त्या बिंदूतून आडवा-उभा धावदोरा घाल आणि पुढे दर दहा घरांवर एक ओळ, जशा आलेखावर ठळक रेघा असतात. रुंदीत चौदा चौकोन होतील. उंचीत १९६ म्हणजे मध्यापासून ९८ वर, ९८ खाली, शेवटचे चौकोन आठ-आठ घरांचे. दोरा गुळगुळीत घे, फिक्या रंगाचा. मी नायलॉनचा बारीक गळाचा दोरा वापरते. टाका घालताना सुई त्यातून आरपार जात नाही, आणि काम झाल्यावर टोक धरून ओढला की सरकत निघून येतो. गडद सुती दोरा रोवलास तर तो टाक्यांत अडकतो आणि त्याची लव पांढऱ्यावर राहते. याला दोन संध्याकाळी जातात, पण पिसाऱ्यात एक घर चुकलं की आठ दिवसांचं उसवायला लागतं.

पेननं रेघा मारायचा मोह होईल. पाण्यानं जाणारं निळं पेन चालतं, पण पाण्यात जाण्याआधी त्याच्यावर इस्त्री फिरली तर रेघ कायमची बसते. इस्त्रीनं जाणारी पेनं घेऊच नकोस. ती रेघ गेल्यासारखी दिसते, पण गोठवणाऱ्या थंडीत परत वर येऊ शकते.

सुई २४ नंबरची, बोथट टोकाची. दोरा दोन पदरी. रिंगच्या आतल्या कड्याला पांढरी सुती नाडी गुंडाळ आणि रात्री रिंग काढून ठेव, नाहीतर गोल वळ उमटतो आणि त्या वळात हाताचा मळ बसतो.

सगळं धरून धुण्यापासून पहिल्या टाक्यापर्यंत चार दिवस. रविवारऐवजी गुरुवार होईल. दिवसाला दोनशे टाके घातलेस तरी सत्तावीस हजारांना साडेचार महिने लागतात आणि मोराची पार्श्वभूमी तर कोरीच आहे. डिसेंबरातलं लग्न गाठशील.

छकुलीच्या सासरचे लोक कसे वाटले ते सविस्तर लिही. दांडिया बाजारातलं घर विकायचं खरंच ठरलं का? आणि तुझ्या मोतिबिंदूचं ऑपरेशन लग्नाआधी की नंतर? आधी होत असेल तर मोर तोवर थांबला तरी चालेल.

कुंदाताई पंधरा तारखेला परत येतायत. तुझा तुकडा मी मधोमध कापला होता, एक अर्धा धुतलेला, एक तसाच. दोन्ही पाठवते. शेजारी शेजारी ठेवून चार-चार इंच स्वतः मोज.

तुझीच,
शैला

ता.क. काठ कापायच्या आधी हिरवा धावदोरा. आणि कृष्णासाठी गडद निळा घेऊ असं मी म्हणत होते, ते मात्र बरोबरच होतं. धुतल्यावरही तो निळा तसाच आहे.