तपासणीचे टेबल दारासमोर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. रुग्णाचा खासगीपणा जपला जाईल, पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना तिथे एक स्त्री हजर असेल, असे त्या सनदेत लिहिलेले आहे. पण पुण्यातल्या कितीतरी ठिकाणी सनद बाहेर भिंतीवर आणि आत तपासणीचे टेबल थेट दारासमोर, असे चित्र दिसते. डॉक्टरांच्या हेतूबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. रुग्णाला ओशाळे व्हावे लागते ते बहुतेक वेळा खोलीच्या मांडणीमुळे, आणि ही मांडणी एक सुतार दिवसभरात बदलू शकतो. म्हणूनच ती तशीच राहिलेली पाहून जास्त वाईट वाटते.

आधी टेबल. आपल्याकडे डॉक्टर रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहून तपासायला शिकतात, म्हणजे रुग्णाची डावी बाजू भिंतीकडे हवी. दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीला टेबल लावले आणि उशी दाराच्या बाजूला ठेवली, की हे आपोआप जमते. रुग्णाचे पाय खोलीच्या आतल्या टोकाला जातात आणि दार उघडलेच तर आधी दिसते ते डोके. तेच टेबल उजव्या हाताच्या भिंतीला लावले, तर डॉक्टरांच्या सोयीसाठी पाय दाराकडे करावे लागतात. स्त्रीरोग तपासणीत पाय दाराकडे असण्याइतकी वाईट मांडणी दुसरी नाही. मूळव्याधीच्या तपासणीचेही तसेच. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, त्यामुळे त्याचे तोंड भिंतीकडे आणि उघडा भाग खोलीकडे असतो. आपल्या पाठीमागे कोण आले, हे त्याला दिसतसुद्धा नाही. पुरुषांना कसली लाज, असे गृहीत धरणाऱ्यांनी ही स्थिती एकदा डोळ्यांसमोर आणावी.

मग दार. घरात आपण दाराची फळी भिंतीला टेकेल अशी बसवतो, कारण जागा वाचते. सुतार दवाखान्यातही तेच करतो आणि दार जरा किलकिले झाले, की अख्खी खोली बाहेरून दिसते. इथे नेमके उलटे करायला हवे. दार उजव्या कोपऱ्यात घ्यावे आणि बिजागऱ्या टेबलाच्या बाजूच्या चौकटीवर माराव्यात. फळी आत उघडताना तिचाच आडोसा होतो आणि फटीतून फक्त पलीकडची भिंत दिसते. आत येणाऱ्याला थोडा वळसा पडतो, तो पडू द्यावा. आतून साधी कडी लावू नये. रुग्णाला किंवा डॉक्टरांना आत भोवळ आली, तर बाहेरच्यांना दार तोडावे लागेल. आतून फिरवून बंद होणारी आणि अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्याने उघडता येणारी कडी बाजारात मिळते, ती बसवावी.

सगळ्यात जास्त चुका पडद्यात होतात. चाकांवरचा तीन घड्यांचा स्टँड दोन घड्यांच्या मधल्या फटीतून दिसू देतो आणि ट्रॉलीचा धक्का लागला की सरकतो. त्यापेक्षा छताला इंग्रजी एल आकाराची पट्टी बसवून तिच्यावर पडदा सोडावा. टेबल साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असते. त्याच्या मोकळ्या बाजूला तीन फूट जागा सोडावी, आणि स्त्रीरोग तपासणी होत असेल तर पायांकडेही तीन फूट सोडावी. म्हणजे पडद्याच्या आत पाच बाय नऊ फुटांची जागा लागते आणि ती दहा बाय दहाच्या केबिनमध्ये बसते. अनेक ठिकाणी पट्टी टेबलाच्या अगदी कडेवर असते. डॉक्टर बाहेर उभे राहतात, त्यांच्या अंगाने पडदा आत ढकलला जातो आणि शेवटी तो अर्धा उघडाच राहतो. डॉक्टर आणि मदतनीस बाई, दोघेही पडद्याच्या आत मावले पाहिजेत. कापड पट्टीच्या लांबीच्या दीडपट घ्यावे, नाहीतर भिंतीजवळ वीतभर फट उरतेच. जमिनीपासून फूटभर वर पडदा ठेवला, तर फरशी पुसता येते आणि पडदाही घाण होत नाही.

दिव्याचा विचार सहसा कोणी करत नाही. तपासणीचा दिवा भिंतीच्या बाजूला असेल, तर रुग्णाची सावली पडद्यावर पडते आणि पडदा असूनही आकृती दिसते. दिवा पडद्याच्या बाजूला घेतला, की सावली भिंतीवर जाते. काचांचे असेच. एकतर्फी आरशासारखी फिल्म दिवसा काम करते, कारण बाहेर उजेड जास्त असतो. संध्याकाळी सातला आत ट्यूबलाइट आणि बाहेर अंधार झाला, की तीच काच आतले सगळे दाखवू लागते. आपल्याकडचे बहुतेक दवाखाने संध्याकाळीच भरलेले असतात आणि समोरच्या इमारतीची बाल्कनी हाकेच्या अंतरावर असते. तिथे सहा फूट उंचीपर्यंत पूर्ण धूसर फिल्मच लावावी.

पडदा आवाज थांबवत नाही. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांतले दवाखाने पाहा. एकच एसी दोन्हीकडे पुरावा म्हणून केबिनची ॲल्युमिनियमची पार्टिशन सात फुटांवर थांबवलेली असते. पाळी कधी आली, लघवीला जळजळ होते का, हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे वरच्या मोकळ्या जागेतून थेट वेटिंगमध्ये पोचतात. फॉल्स सीलिंगपर्यंत पार्टिशन नेऊनही फारसा फरक पडत नाही, कारण आवाज सीलिंगच्या वरून फिरून येतो. ती स्लॅबपर्यंत न्यावी आणि दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावावी. ते लगेच जमत नसेल, तर पार्टिशनला टेकलेल्या खुर्च्या निदान दुसऱ्या भिंतीकडे हलवाव्यात. काउंटरवर ‘काय त्रास होतोय?’ असे सगळ्यांदेखत विचारण्याऐवजी नाव आणि वय घ्यावे. बाकीचे डॉक्टर विचारतील.

आणि आता ती सवय, जिच्यापुढे वरचे सगळे फुकट जाते. वेळ वाचवायला पुढचा पेशंट आधीच आत आणून स्टुलावर बसवला जातो. एक जण टेबलावर, दुसरा टेबलापासून चार फुटांवर, आणि मध्ये असलाच तर पडदा. दुसऱ्याला पहिल्याचे नाव, आजार, औषध सगळे कळते. गर्दी खरी आहे, हे आम्हीही जाणतो. पण पुढच्या रुग्णाचे वजन, रक्तदाब आणि जुने रिपोर्ट बाहेरच्या टेबलावर तपासून ठेवले, तरी तेवढाच वेळ वाचतो. तपासणी चालू असताना केस पेपर घेऊन आत येणाऱ्या मावशींनाही दार वाजवून थांबायला सांगावे. वाजवता वाजवता आत येणे म्हणजे थांबणे नव्हे.

ईसीजी तर पॅसेजमधल्या खाटेवर काढायची गोष्ट नाहीच. छातीवर सहा इलेक्ट्रोड लावायचे तर छाती उघडी करावीच लागते. प्रत्यक्ष आलेख निघायला काही सेकंद लागतात, पण चिकटवणे, तारा जोडणे, एखादी तार सुटली म्हणून पुन्हा लावणे, यात रुग्ण बराच वेळ उघडा राहतो. इलेक्ट्रोड लावून झाल्यावर वरून सुती चादर टाकली तर आलेखात काहीही बिघडत नाही. तरीही ती क्वचितच टाकली जाते. पुढून उघडणारा गाऊन हवा, भिंतीला कपड्यांसाठी दोन खुंट्या हव्यात. खुंटी नसली, की बाई साडीचा पदर आणि पर्स दोन्ही हातांत धरून टेबलावर चढते. कपडे उतरवताना आणि पुन्हा घालताना डॉक्टरांनी पडद्याबाहेर थांबावे, आणि फक्त लागेल तेवढाच भाग उघडा ठेवावा. मदतनीस बाईने उशीच्या बाजूला, रुग्णाला तोंड दिसेल असे उभे राहावे. तिला पायांकडे उभे केले, तर पाहणारे आणखी एक माणूस वाढते, धीर वाढत नाही.

कॅमेऱ्याबद्दल मात्र तडजोड नको. २०२५च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहातले तपासणीचे सीसीटीव्ही चित्रण बाहेर जाऊन विकले गेल्याचे उघड झाले. ज्या खोलीत कपडे उतरवले जातात, तिथे कॅमेरा नसावाच. पॅसेजमधल्या कॅमेऱ्याचा रोखही दारावर नको. संमतीशिवाय कोणाच्या खासगी अंगाचे चित्र टिपणे किंवा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्वचेच्या चट्ट्याचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून ग्रुपवर सल्ला विचारणाऱ्या डॉक्टरांनीही आधी रुग्णाला विचारावे.

पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आमची मागणी साधी आहे. शुश्रूषागृहाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना सनद लावली आहे का, एवढे पाहून निघू नये. तपासनीसाने दार उघडून उंबऱ्यावर उभे राहावे. टेबल दिसले तर शेरा मारावा. मग दार लावून आत एकाने साध्या आवाजात वर्तमानपत्र वाचावे आणि दुसऱ्याने वेटिंगच्या जवळच्या खुर्चीत बसावे. शब्द कळले तर दुसरा शेरा. संध्याकाळी दिवे लागल्यावर काच बाहेरून पाहावी. या तीन परीक्षांना ना यंत्र लागते ना खर्च. खाटा नसलेले, फक्त ओपीडीचे दवाखाने या नोंदणीत येत नाहीत, आणि सर्वाधिक तपासण्या तर तिथेच होतात. त्यांच्यासाठी इंडियन मेडिकल असोसिएशनच्या पुणे शाखेने पुढाकार घेऊन हेच सदस्यांना करायला सांगावे.

तोवर रुग्णांनी संकोच सोडून दोन वाक्ये म्हणायला हरकत नाही: ‘पुढच्या पेशंटला जरा बाहेर थांबायला सांगता का?’ आणि ‘पडदा पूर्ण ओढून घ्या.’

आपले,
रुग्णालयांच्या अंतर्गत रचनेचे काम करणारे दोघे,
एरंडवणे, पुणे
(नावे व पत्ते संपादकांकडे)