कोर्टाचा कागद नसलेल्या बायकांसाठी : महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : परित्यक्ता महिलांसाठी संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल सर्व योजनांमध्ये पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याबाबत.

महोदया,

सप्रेम नमस्कार.

आधी मागणी सांगते, म्हणजे पत्र शेवटपर्यंत वाचायला आपल्या कार्यालयात कुणाला सवड झाली नाही तरी काम अडायला नको. नवऱ्याने टाकलेली, पण कोर्टाची पायरी न चढलेली बाई सरकारदरबारी सिद्धच होत नाही. विधवेला मृत्यूचा दाखला आहे, घटस्फोटितेला हुकूमनामा आहे. हिच्याकडे काहीच नाही. तिच्यासाठी एक कागद ठरवून द्या. तो नव्याने तयार करायचीही गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 या कायद्यात तो आहेच. त्या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी जो कौटुंबिक घटना अहवाल लिहितात, ज्याला आम्ही सगळे डीआयआर म्हणतो, तो सगळ्या खात्यांनी मानावा, एवढा एक शासन निर्णय आम्हाला हवा आहे.

आता आम्ही कोण ते. मराठवाड्यातल्या एका ऊसतोडीच्या तालुक्यात आमची बायकांची संघटना आहे. नोंदणी आहे, शिक्का आहे, हिशेबाची वही आहे. कार्यालय तेवढं नाही. समाजमंदिराची एक खोली आठवड्यातून एकदा उघडून मिळते. बैठक मुद्दाम बाजाराच्या दिवशी ठेवली आहे, कारण त्या दिवशी तालुक्याला कशाला चाललीस असं बाईला कुणी विचारत नाही. भाजीची पिशवी एका हातात, कागदांची दुसऱ्या हातात. कागदांच्या पिशवीत काय नसतं! लग्नाची पत्रिका, मुलाच्या लसीकरणाचं कार्ड, कुठल्याशा बँकेचं बंद पडलेलं पासबुक, सासरच्या रेशनकार्डाची पुसट झेरॉक्स. सगळं सतरंजीवर पसरायचं आणि एकेक कागद मोठ्याने वाचायचा, ही आमची पद्धत. वाचता येणाऱ्या बाईने न येणारीच्या शेजारी बसायचं. आमच्या संघटनेचं निम्मं काम झेरॉक्स काढण्याचं आणि अर्जावर पोच घेण्याचं आहे असं म्हटलं तरी चालेल. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, हे पाठ झालेल्या बायका आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यावर खिडकीवरचे लोक फारसे खूश नसतात.

पोलीस ठाण्यात आम्ही एकटीला पाठवत नाही, बरोबर दोघी-तिघी जातात. ग्रामसभेच्या आधी घरोघर फिरतो. 'घर दोघांचे' म्हणून 2003 साली शासनाने निर्णय काढला होता, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावायचा. तो आमच्या भागात कागदावरच राहिला होता. आम्ही अर्ज छापून घेतले, ग्रामसेवकांच्या मागे लागलो, काही गावांत नावं लागली. जिचं नाव लागलंय तिला बाहेर काढताना सासरची माणसं जरा थबकतात, एवढा आमचा अनुभव आहे. फार मोठा दावा करत नाही.

आणि सगळा वेळ भांडणातच जातो असंही नाही. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती जोरात होते, गाणी होतात, एकमेकींच्या नकला होतात (नायब तहसीलदारांची नक्कल करणारी एक आमच्यात आहे, ती सभागृहात दाखवण्यासारखी नाही). संक्रांतीला तिळगूळ आणि कुंकू सगळ्यांना: सवाष्ण, विधवा, टाकलेली, बिनलग्नाची. सुरुवातीला नाकं मुरडली ती सवाष्णींनीच. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं, तेव्हा ते परिपत्रक आम्ही गावोगाव वाचून दाखवलं. त्याचा उपयोग झाला. निदान तोंडावर कुणी काही बोलेनासं झालं.

पण टाकलेल्या बाईचं दुखणं निराळं आहे. तिच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. नवरा दुसऱ्या तालुक्यात दुसरा संसार थाटून बसलेला असतो. ती माहेरी भावाच्या पडवीत असते, आणि सरकारी फॉर्मवर ती 'विवाहित' असते. काहींना पंचांसमोर बसवून स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून दिलेली असते. ती घेऊन बाई तहसीलला गेली की हा कागद चालत नाही म्हणतात. बरोबरच आहे, कायद्याने असा घटस्फोट होत नाही. गंमत अशी की न चालणाऱ्या त्याच कागदावर नवऱ्याचं मात्र दुसरं लग्न बिनबोभाट होऊन जातं. ती तक्रार करील तरच कायदा हलणार, आणि तक्रार करायला तिला आधी पोट भरायचं असतं.

पोट कशावर भरतं तेही सांगते. आमच्याकडचं मुख्य काम ऊसतोड. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, जोडीला मिळते; नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या बाईला मुकादम टोळीत घ्यायला तयार होत नाही. घेतलंच तर भावाबरोबर किंवा वाढत्या वयाच्या मुलाबरोबर जोडून, नाहीतर अर्धा कोयता धरून. म्हणजे नवरा गेला की बाईचा संसारच जातो असं नाही, हंगामही जातो. राहतं गावातलं खुरपणीचं काम, जे बारा महिने नसतं, आणि राहतात सरकारच्या योजना.

योजनांकडे वळल्यावर कागद सुरू होतो. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्तांचा समावेश आहे, महिन्याला 1,500 रुपये मिळतात. पण त्यासाठी ती परित्यक्ता आहे हे कुणीतरी लिहून द्यावं लागतं. तलाठी म्हणतात सरपंचांचं आणा, सरपंच म्हणतात पोलीस पाटलांचं आणा, पोलीस पाटील म्हणतात तू आमच्या गावची सून नाहीस, लेक आहेस. सासरच्या गावचं आण. सासरच्या गावचा पोलीस पाटील नवऱ्याच्या भावकीतला असतो. रेशनकार्डाचं तसंच. अन्न सुरक्षा कायद्याने 2013 पासून घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख धरायची आहे, पण वेगळं कार्ड काढायला आधी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि ते कार्ड सासूच्या ट्रंकेत असतं. मुलांच्या जातीच्या दाखल्याचं तर विचारूच नका. सगळे पुरावे वडिलांकडचे. जो माणूस पोरांना शाळेची वही घेऊन देत नाही त्याच्या दारात आईने त्याच्या बापाचा शाळेचा दाखला मागायला जायचं.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना 2024 मध्ये आली तेव्हा आम्हाला एका गोष्टीचा खरंच आनंद झाला होता. शासन निर्णयात विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्या बरोबरीने परित्यक्ता आणि निराधार महिला असं स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या बैठकीत ती ओळ दोनदा वाचली गेली. मग 2025 मध्ये ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आली आणि तिथे पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ओरड झाल्यावर सवलत दिलीत: पती वा वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर त्याचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश द्यावा. चांगलं केलंत. पण परित्यक्ता त्या यादीत बसत नाही. नवरा हयात आहे, घटस्फोट नाही, कोर्टाचा आदेश नाही. ज्या विभागाने तिला नाव घेऊन योजनेत घेतलं त्याच विभागाच्या पडद्यावर तिला दाबायला बटण नव्हतं. आमच्यातल्या एकीने नवऱ्याला फोन करून ओटीपी मागितला. त्याने तो दिला, आणि बदल्यात काय मागितलं ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

म्हणून डीआयआर. आपल्याला हे माहीत आहे, पण पत्र खुलं आहे, इतरांसाठी लिहिते. 2005 च्या कायद्याच्या कलम 3 नुसार मारहाण म्हणजेच फक्त हिंसाचार नव्हे. घराबाहेर काढणं, खर्चाला पैसे न देणं, राहत्या घराचा वापर करू न देणं हेही त्यात येतं. म्हणजे टाकून देणं या कायद्याच्या कक्षेतच आहे. बाईने संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार केली की त्यांनी ठरलेल्या नमुन्यात अहवाल लिहायचा, दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, प्रत पोलीस ठाण्याला द्यायची. नमुना सरकारी, सही सरकारी, आवक-जावक क्रमांक सरकारी. बाईने पुढे अर्ज चालवला तर कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत व्हावा. प्रत्यक्षात किती लागतात ते कुठल्याही तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहिलं की कळतं. तो निकाल येईपर्यंतच्या काळासाठी आम्ही बोलतोय. तोवर तिच्या हातातला डीआयआर रेशन, निराधार योजना, ई-केवायसी आणि मुलांच्या दाखल्यांसाठी चालला पाहिजे.

यावर आपले अधिकारी काय म्हणतील ते आम्हाला ठाऊक आहे, कारण आमच्या तोंडावर म्हणून झालं आहे: उद्या कुणीही बाई उठेल आणि नवऱ्याने टाकलं म्हणून सांगेल, अहवाल म्हणजे तिची एकतर्फी बाजू. हे ऐकलं की आम्हाला आपल्याच राज्यातलं मथुरा प्रकरण आठवतं. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात पोलीस सुटले, कारण तिची संमती नव्हती हे तिच्या शब्दावर मानलं गेलं नाही. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलून कोठडीतल्या अत्याचारात बाईच्या शब्दाला वजन दिलं गेलं. तिथे माणसाच्या तुरुंगवासाचा प्रश्न होता. इथे 1,500 रुपयांचा आणि गहू-तांदळाचा आहे. इतक्यासाठी गावात स्वतःला टाकलेली म्हणवून घ्यायला कोण बाई हौसेने पुढे येईल?

तरी शंका असेल तर चौकशी ठेवा. संरक्षण अधिकाऱ्यांनी गावात येऊन अंगणवाडी सेविकेला, शेजारणीला विचारावं. मुदत घाला, दर वर्षी पडताळणी करा. खोटं निघालं तर लाभ बंद करा. उत्पन्नापासून कितीतरी बाबतींत शासन 2015 पासून स्वयंघोषणापत्र चालवतं, मग इथे तर अधिकाऱ्याची सही असेल.

अडचण एकच आहे, आणि ती आपल्या हातातली आहे. अहवाल लिहायला संरक्षण अधिकारी जागेवर हवेत. आमच्याकडे त्या पदावरच्या व्यक्तीकडे आणखी कामं आहेत, आणखी गावं आहेत, गाडी नाही. त्यांच्यावर आमचा राग नाही; दोन दिवस शोधून तिसऱ्या दिवशी भेटतात तेव्हा पाणीही न पिता लिहायला बसतात. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी सगळ्या राज्यांना सांगितलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातल्या अधिकाऱ्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, आणि 6 आठवड्यांत नेमा. कागदोपत्री नेमणूक आणि तालुक्यात दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी बसणारं माणूस यात किती अंतर आहे, ते आपण एकदा तालुकानिहाय मागवून पाहावं. आमचा आग्रह आहे की तो दिवस बाजाराचा असावा. कारण वर लिहिलंच आहे.

आणखी एक, मागणीत नसलेलं. आमच्याकडे येणारे साहेब लोक नेहमी एकच विचारतात: यंदा किती संसार जोडले? तडजोडींचा आकडा आम्ही आता देत नाही. जोडलेल्या संसारातली बाई सहा महिन्यांनी पुन्हा पिशवी घेऊन आली तर तो आकडा कुठल्या रकान्यात जातो, हे आम्हाला कुणी सांगू शकलेलं नाही.

शासन निर्णयाला वेळ लागतो हे कळतं. पण टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, त्या मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. ज्यांना भावाबरोबर किंवा अर्ध्या कोयत्यावर जावं लागतं त्या बायका त्या काळात कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर असतात. चौकशीला अधिकारी गावात आले तर त्यांच्या झोपडीला कुलूप असेल आणि शेरा पडेल 'लाभार्थी आढळून आली नाही'. तेव्हा निर्णय टोळ्या निघायच्या आत निघावा, आणि हंगामानंतर निघणार असेल तर फडावर होणारी चौकशी ग्राह्य धरण्याची ओळ त्यात घालावी.

उत्तर समाजमंदिराच्या पत्त्यावर पाठवलं तरी आम्हाला मिळतं.

आपल्या,
संघटनेच्या बायका

प्रत माहितीसाठी : जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, तहसीलदार. दोन्हीकडची पोच घेतली आहे.