‘दीनमित्र’चे जुने अंक आणि निधी : नेवासे-शेवगाव परिसरातील सर्वांस आवाहन

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर जवळ आला. दरवर्षीप्रमाणे ‘दीनमित्र’ साप्ताहिकाच्या पहिल्या अंकाची आठवण निघेल, त्याचे संपादक मुकुंदराव पाटील यांच्या फोटोला हार पडेल, दोन भाषणे आणि चहा होईल. यंदा हार-भाषणांचा खर्च वगळायचा आणि आहे तो पैसा, आहे ती माणसे ‘दीनमित्र’चे अंक वाचवायला लावायची, असे समितीने ठरवले आहे. अंक उरले तरच मुकुंदरावांच्या आठवणीला काही अर्थ आहे. वेळ थोडा आहे, म्हणून पत्र घाईत लिहीत आहोत. लांबले तर सांभाळून घ्यावे.

दीनमित्रकारांची ओळख या तालुक्यात करून द्यावी लागू नये. तरी नव्या पिढीसाठी दोन ओळी. महात्मा फुल्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक काढले आणि तीनच वर्षांत त्यांना ते सोडावे लागले. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवले. त्या भालेकरांचा मुलगा मावशीच्या घरी नेवासे तालुक्यातल्या तरवडीला दत्तक आला, तेच आपले मुकुंदराव गणपतराव पाटील. वर्तमानपत्र काढले की घर कसे रिकामे होते, हे घराण्यात माहीत असूनही त्यांनी १९१० साली वयाच्या पंचविशीत साप्ताहिक काढले. आरंभी बाहेर छापून, पुढे तरवडीतच छापखाना घालून ते १९६७ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत चालवले. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढले, तेव्हा बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या ज्या मोजक्या पत्रांची नावे त्यांनी पहिल्याच अग्रलेखात घेतली, त्यांत ‘दीनमित्र’ आहे. तरवडीचे पत्र त्या यादीत बसले, हे आपण किती वेळा आपल्या पोरांना सांगतो?

संपादक म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ होतो. निवडक अग्रलेख पुस्तकांतही आले आहेत. मालक म्हणून त्यांनी काय ओढले, ते मात्र कोणी पाहत नाही. खेड्यात छापखाना चालवायचा म्हणजे कागद, शाई, खिळे (जुळवायची शिशाची अक्षरे), शाईच्या रुळाचे सरस सगळे बाहेरून. देवनागरीचे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे. एक फर्मा (एकदम छापायची पाने) छापून झाला की तेच खिळे धुऊन पेटीतल्या आपापल्या खणांत परत टाकायचे, तेव्हा कुठे पुढचे पान जुळणार. खिळे जुळवणारा जुळारी आजारी पडला की अंक अडला. वर्गणी वसूल करायला व्ही. पी. (पैसे भरून सोडवायचे टपाल) पाठवावी आणि ती परत आली की टपालहशील मालकाच्या अंगावर. त्या काळच्या प्रत्येक लहान पत्राचे हेच रडगाणे होते. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले, तेव्हा भल्याभल्या पत्रांची पाने घटली. हे सारे अग्रलेखात सापडत नाही. ते असते शेवटच्या पानावरच्या वर्गणीच्या सूचनेत, पोहोच-यादीत, जाहिरातींत, खेड्यापाड्यांतून आलेल्या पत्रांत आणि फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या रीतीने झालेल्या लग्नांच्या, जलशांच्या बातम्यांत. म्हणून आम्हाला कात्रणे नकोत, अख्खे अंक हवेत, फाटके असले तरी.

आजवर ज्यांनी हात दिला त्यांचे ऋण आधी मान्य करतो. कुकाण्याच्या पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्यांनी ‘नाव छापाल तर परत पैसे मागेन’ असे बजावून दोन लोखंडी कपाटे दिली आणि हमालीही स्वतःच भरली. निवृत्त प्राथमिक शिक्षिका असलेल्या आमच्या एका बाई पेन्शनच्या दिवशी न चुकता पाकीट आणून देतात. पाकिटावर फक्त ‘खिळ्यांसाठी’ एवढेच लिहिलेले असते. शेवगावकडच्या एका शेतकरी कुटुंबाने आजोबांच्या पेटीतला अंकांचा गठ्ठा जसाच्या तसा, धुळीसकट आणून दिला. त्यांचे आभार दुप्पट, कारण त्यांनी तो झटकला नाही, पुसला नाही, उन्हात घातला नाही. बसस्टँडजवळच्या आइस्क्रीमवाल्या दादांनी पावसाळ्यात डीप फ्रीझरचा अर्धा भाग कीड लागलेल्या अंकांसाठी मोकळा करून दिला. कुल्फीच्या शेजारी सत्यशोधक समाज, अशी थट्टा झाली. दादा हसत राहिले.

आता नाराजीचे बोलतो. मागच्या निरोपाला ग्रुपवर अंगठे आणि जोडलेले हात भरपूर आले. अंक फारसे आले नाहीत. ‘आमच्याकडे पोतंभर होते, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले’ असे सांगणारे मात्र बरेच भेटले. रद्दीचा भाव आम्ही दिला असता हो, नुसती हाक मारायची होती.

अंक कुठे सापडतात? माळ्यावरच्या गठ्ठ्यात सापडतातच, पण तिथेच शोधून थांबू नका. लोखंडी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद पाहा. फडताळाच्या फळ्यांवर पाहा. जुन्या पोथ्या-पुस्तकांना घातलेली कव्हरे उघडून पाहा. देवादिकांच्या तसबिरींच्या पाठीमागे पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेला कागद तर हमखास त्या काळच्या वर्तमानपत्राचा असतो. तसबिरीमागचा कागद ओढून काढू नका. तसबीर आणा, कागद आम्ही सोडवू आणि तसबीर नवी काच घालून परत देऊ. अंकाचे पत्ता लिहिलेले रॅपर, व्ही. पी.ची पावती, मुकुंदरावांचे पोस्टकार्ड, तरवडीच्या छापखान्यात छापलेली लग्नपत्रिका किंवा हँडबिल, हेही तितकेच मोलाचे. तुटके खिळे असले तरी शिसे म्हणून भंगारात घालू नका.

सापडल्यावर काय करायचे, हे नीट वाचा. बहुतेक अंक घरात टिकतात आणि घराबाहेर काढताना मरतात.

वर्तमानपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन (लाकडातला एक घटक) हवा-उजेडाने पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि तो पापडासारखा होतो. शाई काजळीची, ती उडत नाही; तुटतो तो कागद, आणि तोही घडीवर. समासाचा कोरा कोपरा एकदा हलकेच दुमडून पाहा. दुमडताच तुटला, तर तो अंक घरी उलगडूच नका. घडीसकट दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवा आणि सुती नाडीने सैल बांधा. सुतळी कापते, रबरबँड वितळून चिकटतो. सुरळी तर मुळीच नको. अंक गंजलेल्या टाचणीने किंवा स्टेपलने जोडलेला असेल, तर उपसू नका, गंजाभोवतीचा कागद टाचणीबरोबर येतो. तसाच आणा.

सेलोटेप लावू नका. चार-पाच वर्षांत तिचा गोंद कागदात उतरतो आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो. लॅमिनेशन करून आणलेला अंक पाहिला की आमच्या पोटात गोळा येतो, कारण आम्ल आत कोंडले जाते आणि तो प्लॅस्टिकमधून जिवंत काढता येत नाही. बाइंडिंगला देऊ नका. आपल्याकडे बाइंडरच्या मैद्याच्या खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालतात, किडे लागू नयेत म्हणून. किडे लागत नाहीत, पण तांब्यामुळे कागद मात्र लवकर जळतो. आम्ही गव्हाच्या स्टार्चची ताजी खळ आणि ९ ते १२ जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) पातळ जपानी टिश्यू कागद वापरतो. ही खळ पाणी लावून पुन्हा सोडवता येते. कडुनिंबाचा पाला गठ्ठ्यात घालू नका, डाग पडतात. डांबराच्या गोळ्याही कागदाला लावून ठेवू नका.

अंक भिजला असेल तर ऊन आणि इस्त्री दोन्ही टाळा. पंख्याखाली, पानांच्या मध्ये टिपकागद घालून आणि तो दर दोन-तीन तासांनी बदलून वाळवा. कसर किंवा वाळवी जिवंत दिसली तर गठ्ठा जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करा आणि लगेच कळवा. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी न उघडता, म्हणजे ओल आत धरत नाही. दादांचा फ्रीझर यासाठीच. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात भागत नाही.

मोबाइलने फोटो काढून पाठवू का, असे पुष्कळ जण विचारतात. काय सापडले हे दाखवायला जरूर पाठवा, पण ती प्रत नव्हे. मोबाइलची स्कॅनिंग ॲपे पान काळे-पांढरे करतात. मग माशीने केलेला ठिपका अनुस्वार होतो आणि खरा अनुस्वार पुसला जातो. १९६२च्या लेखननियमांआधीच्या मजकुरात ‘तें’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार पावलोपावली असतात, त्यामुळे हा घोळ फार होतो. मजकूर टंकणाऱ्या मुलामुलींनीही शुद्धलेखन ‘सुधारू’ नये, जसे छापले तसेच टंकावे. आमची पद्धत अशी : अंक आडव्या मेजावर, वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, घडी बसवायला ४ मि.मी.ची काच, ४०० डीपीआय (इंचाला ४०० बिंदू), रंगीत टिफ फाइल. वर्षाचे अंक एकत्र बांधलेले असतील तर १०० अंशांच्या व्ही-आकाराच्या पाळण्यात ठेवतो. सपाट स्कॅनरवर दाबले की पुठ्ठ्याची पाठ मोडते. १० बाय १५ इंचांचे एक पान ७२ एमबीचे होते, म्हणजे दहा हजार पानांना ७२० जीबी. म्हणून तीन हार्डडिस्क, त्यांतली एक तालुक्याबाहेर.

साप्ताहिकाची ५७ वर्षे म्हणजे खाडे न धरता तीन हजारांच्या आसपास अंक होतात. आमच्या कपाटात सलग म्हणावे असे वर्ष फार थोडे. उरलेले तुमच्या घरांत आहेत, असा आमचा विश्वास आहे.

खर्च थोडक्यात. आम्लरहित खोकी ६०, प्रत्येकी रु. ४५०, एकूण रु. २७,०००. हार्डडिस्क तीन, रु. १८,०००. स्टँड, दिवे, काच, पाळणा रु. २२,०००. टिश्यू, खळीचे साहित्य, सिलिका जेल रु. १३,०००. दहा हजार पानांची छायाप्रत व नोंद, पानाला रु. ६, रु. ६०,०००. एकूण रु. १,४०,०००. जमा रु. ५२,५००, कमी पडतात रु. ८७,५००. कॅमेरा उसना मिळाला आहे. देणगी रोख, चेक किंवा खात्यावर. खाते क्रमांक वाचनालयाच्या फलकावर आहे, फॉरवर्ड झालेल्या मेसेजमधल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. देणगीवरची ८०-जी आयकर सवलत अजून मिळालेली नाही, ती गृहीत धरू नये. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या तालुक्यातल्या मंडळींनी एका खोक्याचे रु. ४५० जरी पाठवले, तरी एका खोक्याची सोय झाली. आजोबांनी ‘दीनमित्र’ची वर्गणी थकवल्याचे कोणाच्या घरात बोलले जात असेल, तर ती आता भरता येईल, व्याज माफ.

अंक देऊन टाकायचे नसतील तर उसने द्या. पोहोच-पावतीवर अंकाची तारीख, पानांची संख्या, फाटलेले कुठे, हे तुमच्यासमोर लिहू आणि छायाप्रत होताच मूळ अंक खोक्यासह परत करू. तारीख शकात असेल तर शकच लिहून द्या. इसवी सन काढायला ७८ की ७९ मिळवायचे, हे पौषाच्या मागेपुढे चुकते, ते आम्ही पाहू. रोज सायंकाळी ५ ते ८ वाचनालयात कोणीतरी असते. रविवारी नसते, तेव्हा कृपया गठ्ठा पायरीवर ठेवून जाऊ नये. तिथे बकऱ्या येतात. म्हाताऱ्या माणसांना येणे जमत नसेल तर निरोप द्या, आम्ही पुठ्ठे आणि नाडी घेऊन घरी येतो.

आपला,
चिटणीस, समितीकरिता