आईसाठी गाडीचं हँडल बदललं

एडमंटन, कॅनडा, ६ एप्रिल

ती. अण्णा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर अण्णा तुम्ही विचारलंत की गाडीच्या त्या हँडलचं काय केलं, तेवढ्यात आईने फोन घेतला आणि बोलण्याची गाडी तुमच्या व्हिसाच्या कागदांवर गेली ती तिथेच राहिली. म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच काढावं, ग्रुपवर टाकलं की दादा मधेच काहीतरी फॉरवर्ड करतो आणि मूळ मुद्दा कुठल्या कुठे जातो.

आधी हँडल म्हणजे कुठलं ते आईसाठी. आमचा पिकअप ट्रक २०११ चा, आणि इकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणजे शेजारच्याचं दार उजवीकडे. ते उघडलं की पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो त्याला आतून एक उभं प्लास्टिकचं हँडल असतं, ते धरून वर चढायचं. गाडीचा फ्लोअर माझ्या गुडघ्याच्याही वर येतो, खाली साइड स्टेप आहे पण हाताला धरायला काही नसेल तर चढणं म्हणजे कसरतच, आणि त्यात बर्फ असेल तर बघायलाच नको.

जानेवारीत उणे तीसच्या आसपास होतं तेव्हा निखिलच्या ऑफिसातल्या एकांना घरी सोडायला निघालो होतो. अंगाने चांगले भरलेले गृहस्थ, स्टेपवर पाय ठेवला आणि बूट सटकला, सगळा भार एका हातावर. खाडकन आवाज. माणूस वाचला, हँडल मात्र वरून सुटून खालच्या एका बोल्टवर लोंबायला लागलं. ते बिचारे घर येईपर्यंत सॉरी सॉरी म्हणत होते, शेवटी मीच विषय बदलला.

अण्णा आता तुमच्या कामाचं. हँडलच्या दोन्ही टोकांना छोटी झाकणं, झाकणाखाली एकेक बोल्ट, सहा एमएमचा, दहाची गोटी म्हणजे सॉकेट लागतो. वरचा बोल्ट खांबात जसाच्या तसा होता, सरळ, आणि त्याच्या डोक्याखाली वॉशरएवढा प्लास्टिकचा गोल तुकडा अडकून राहिलेला. म्हणजे बोल्टही गेला नव्हता आणि नटही नाही, बोल्ट बसतो ती प्लास्टिकची बैठकच भोवताली फाटली होती. माणूस खांबाच्या रेषेत खाली ओढतो तोवर दोन्ही बोल्ट भार वाटून घेतात पण तो मागे झुकून लटकला की वरचं टोक खांबापासून उपटायला लागतं आणि सगळी खेच त्या एका बैठकीवर. थंडीचाही हात आहेच यात, हँडलच्या मागे पीपी असं उठवलेलं आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते शून्याखाली गेलं की ठिसूळ होत जातं. जुलैत कदाचित नुसतं वाकलं असतं.

मग सल्ले सुरू झाले. दादाचा पहिला मेसेज, फेविक्विक आणि खायचा सोडा. तो जुगाड चालतो, सोडा टाकला की फेविक्विक क्षणात दगड होतं, मी मिक्सरच्या झाकणाला केलंय, पण पीपीवर ते म्हणजे अळवावरचं पाणी, धरतच नाही. त्यासाठी वेगळं प्रायमर मिळतं, ते आधी लावलं तर धरतं, तरी जोड तो जोडच. दुसरा उपाय म्हणजे सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिक वितळवून आत स्टेपलरच्या पिना पुरायच्या. दिसायला छान होतं. ड्रॉवरच्या मुठीला मी ते डोळे झाकून करीन पण जिथे माणूस अंगाचा भार टाकणार तिथे नाही, कारण जोड सुटतो तो नेमका कोणीतरी अर्ध्यात लटकलेला असताना सुटतो.

आणि दादाचा तिसरा सल्ला, ड्रिल मारून लांब बोल्ट आरपार टाक, हा तर कुणीच करू नये, त्याला वाचून दाखवा. या खांबाच्या कव्हरवर एअरबॅग असं उठवलेलं असतं. छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते, तिचं टोक किंवा वायरिंग काही गाड्यांत या खांबातून खाली येतं. लांब स्क्रू गेला आत आणि त्याने पडद्याला भोक पाडलं तर वरून काही कळणार नाही, कळेल ते अपघात झाल्यावर. म्हणून बोल्ट होता त्याच मापाचा, होता त्याच भोकात, बस. मी हात लावायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलं आणि चहा पिऊन आले, कारण एअरबॅगच्या सिस्टीममध्ये बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो.

नवीन पार्टसाठी डीलरच्या काउंटरवर गेले होते. त्याने विन नंबर, म्हणजे गाडीचा १७ अक्षरं-आकड्यांचा ओळख क्रमांक मागितला, टाइप केला, आणि हँडल, दोन झाकणं, टॅक्स धरून आकडा सांगितला तो रुपयात नऊ हजारांच्या पुढे. एका प्लास्टिकच्या दांडीला. त्यातही आमचा रंग बंद झालाय म्हणे. निखिल म्हणाला काढूनच टाकू, भोकांना झाकणं लावू, तुला मला कुठे लागतंय. त्याला म्हटलं आई काय उडी मारून बसणार का? गप्प झाला.

तर मग भंगारात. इकडची यार्डं म्हणजे आपलं कुर्ल्याचं मार्केट नाही हां, कोणी पार्ट काढून हातात देत नाही. दारावर दोनतीन डॉलर द्यायचे, आपली टूलबॉक्स आपण न्यायची, आपणच खोलायचं आणि जाताना काउंटरवर पैसे. गाड्या कंपनीप्रमाणे ओळीत लावलेल्या, प्रत्येक गाडी जुन्या रिम एकमेकांवर वेल्ड करून त्यावर चढवलेली. मार्चअखेर, बर्फ वितळून नुसता राडा, बूट रुतत होते, पण मला खरं सांगू, लहानपणी तुमच्याबरोबर दापोडीच्या वर्कशॉपला आले होते तेव्हा एस.टी.चे सांगाडे बघून जसं वाटलं होतं तसंच वाटलं. मी एकटीच बाई होते, शेजारच्या ओळीतले आजोबा रेडिएटर काढत होते ते मला पाहून नुसते मान हलवून हसले.

आमच्याच पिढीचा एक ट्रक मिळाला, मागून ठोकलेला, पुढचं सगळं शाबूत. उजव्या बाजूचंच हँडल बघायचं होतं कारण डावं उजवीकडे बसत नाही, वळण उलटं असतं. आधी मागे हात घालून दोन्ही बैठकींवरून नख फिरवलं, कुठे बारीक चीर लागते का, मग जोर लावून पिळून पाहिलं. झाकणं काढताना पंचाईत, गार प्लास्टिक स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की कानच तुटतात, म्हणून थर्मासमधलं गरम पाणी रुमालावर ओतून तो झाकणावर दाबून धरला, वाफ निघत होती, आणि मग टोकाला चिंधी गुंडाळलेला ड्रायव्हर घातला तर टप्पकन निघालं. बोल्टही तिथलेच घेतले. एका वेळच्या जेवणापेक्षा कमी पैशात काम झालं.

घरी आल्यावर वरचा बोल्ट हाताने दोन आटे जायचा आणि अडायचा. ओढाताणीत नटाचा पहिला आटा दबला होता. तिथे पाना लावून रेटलं असतं तर नट खांबाच्या आत सुटून फिरत बसला असता आणि मग सगळं कव्हर उतरवा. तर तुम्ही निघताना बॅगेत कोंबलेला तो आटे पाडायचा टॅप सेट, जो कस्टमवाल्याने उलटसुलट करून बघितला होता, तो शेवटी कामाला आला. सहाचा टॅप, थेंबभर तेल, अर्धा फेरा पुढे पाव मागे, तुम्ही शिकवलं तसं, जेमतेम दोन आटे साफ केले, आत खोल घातलाच नाही. मग दोन्ही बोल्ट आधी बोटांनी लावले आणि नंतर आलटून पालटून घट्ट, पण ताकद दाखवून नाही, बैठक शेवटी प्लास्टिकचीच. निखिलला लटकवून बघितलं, आधी हळू मग पूर्ण, करकर नाही, हलणं नाही.

रंग मात्र जुळला नाही. आतून गाडी राखाडी आणि हँडल बिस्किटी. प्लास्टिकवर मारायचा स्प्रे मिळतो, निखिल मागे लागलाय, पण मी तसंच ठेवणार आहे कारण लांबून दिसतं आणि आईला चष्म्याशिवायही कळेल हात कुठे घालायचा.

आई आता तुझ्यासाठी, हे नीट वाच. चढताना उजवा हात हँडलवर, डावा सीटच्या कडेवर, उजवा पाय आधी स्टेपवर कारण तुझा डावा गुडघा दुखरा, चांगला पाय आधी वर. मग टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. उतरताना तोंड गाडीकडे करून, डावा पाय आधी खाली. दोन हात आणि दोन पाय यातले तीन कायम कुठेतरी टेकलेले हवेत, निखिलच्या साइटवर सगळ्यांना हेच शिकवतात. आणि मागे झुकून लटकायचं नाही, वाटलं तर मी खाली उभी आहेच, छोटं स्टूलही घेतलंय. आपण फिरायला जाणार ते जॅस्पर इथून साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे, वाटेत पाच वेळा चढउतार होणार, तू चहाला थांबवणार हे मला माहितीये.

विम्याचे कागद दादाला स्कॅन करून पाठवायला सांगा, नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. गोडा मसाला अर्धा किलो पुरे, लोणचं नको, गेल्या वेळी तेल कपड्यांना लागलं. आणि अण्णा, दहाची एक चांगली गोटी आणा, माझी यार्डातल्या राड्यात गेली. चेक-इनच्या बॅगेत टाका हां, हातातल्या बॅगेत नको.

तुमची
मनू